शंभरातले किती डांबराचे

आउटजोच्या दुकानात मी आधी टायर दाखवत नाही.
उलटा डबा सरकवतो बसायला
आणि विचारतो, शंभर किलोमीटरातले किती डांबराचे?

इथंच माणूस खोटं बोलतो.
लॉजवाल्या ग्रॉसकोफचा मुलगा म्हणाला, निम्मे-निम्मे.
गाडीच्या पोटाला अजून कारखान्याचं मेण होतं.
त्याला चिखलाचे हवे होते, मुठीएवढ्या गाठींचे.
चिखल! या मुलखात,
जिथं नदी दोन वर्षांतून एकदा येते
आणि येते तेव्हा पूलच घेऊन जाते.
दिले मी. पैसे रोख होते.
रोज बेकरीपर्यंत घरघरत जातो तो,
एका पावामागे अर्ध्या पावाचं डिझेल जाळत.

मला हसू येत नाही त्याचं.
तरुणपणी मीही घेतले होते टायर
ज्या रस्त्यांना कधी गेलो नाही त्यांचे.

वेरिकुआ आली तेव्हा डब्यावर बसली नाही.
तिची लँड क्रूझर तिसऱ्या हातची,
मागचे बाक काढलेले, लांब पेटी मावावी म्हणून.
हॉस्पिटलच्या शवागारातून माणसं घरी पोचवते ती,
सेस्फॉन्टेनच्याही पुढं,
नकाशा जिथं तुटक रेघा ओढून हात टेकतो.
"दीडशे डांबर," म्हणाली, "दोनशे वीस खडी,
त्यापुढं चाळीस कोरडं पात्र."
असा लख्ख हिशेब मला महिन्यातून एकदा ऐकायला मिळतो.

मी उत्साहात आलो.
ही बाजू बघ, तीन पदरी.
इथली खडी तळव्याला टोचत नाही, कुशीत शिरते.
पात्रात उतरलीस की हवा दीडपर्यंत सोड,
थापलेल्या भाकरीसारखा पसरू दे टायर,
आणि वर आलीस की भर, विसरलीस तर तापून फुटेल.
नक्षीही बारीक आहे, आवाज करत नाही.
तुझ्या कामाला शांतच बरा.

"शांत नको, हिस्किया."

ती टायरकडे बघत होती, माझ्याकडे नाही.
"शेजारच्या सीटवर मुलगा असतो, नाहीतर बायको.
ओळख दहा मिनिटांची.
परक्या बाईसमोर कोण हुंदका सोडतं?
जुने टायर ऐंशीच्या पुढं गुरगुरायचे,
मग तो माणूस खिडकीकडे तोंड करायचा
आणि मोकळा व्हायचा.
मी रस्ता बघायचे.
खडीवर आवाज आपोआप होतो, तिथं प्रश्न नाही.
डांबरावरच पंचाईत."

एकवीस वर्षं मी तक्ता पाठ म्हणतोय:
पकड, झीज, इंधन, आवाज.
शेवटच्या रकान्यात आकडा जितका लहान तितकं चांगलं,
कंपनीच्या माणसानं चहा पाजून शिकवलं होतं.

मग सगळा रॅक उपसला आम्ही.
दुपारची गिऱ्हाइकं परत गेली.
सापडले एक, मधल्या जातीचे,
कडेला ठोकळे मोठे, मध्ये दाट,
खडीला टिकतील, वाळूत रुतणार नाहीत,
आणि आवाजाचा आकडा बदनाम.
किंमत तिच्या मुठीबाहेर होती. दोन हप्ते ठरले.

चाकं चढवल्यावर म्हणाली, बस, ऐकून बघू.
गावाबाहेर कामानजाबचा रस्ता सरळ आहे,
कडेनं मोपानीची झाडं, एक गाढव, एक बंद टपरी.
साठला काही नाही. सत्तरला कुजबुज.
ऐंशीला खालून भरून आलं,
सीटमधून, पाठीच्या कण्यातून,
बोलायची सोयच उरली नाही.
ती समोर बघत होती.
मला रडण्यासारखं काही नव्हतं, खरंच नव्हतं.
तरी खिडकीकडे वळलो
आणि दहाव्या किलोमीटरच्या दगडापर्यंत
वळलेलाच राहिलो.

परत आल्यावर पाना घेऊन
सगळे नट पुन्हा आवळले.
पहिल्या फेरीनंतर आवळायचेच असतात,
असं तिला सांगितलं, जरा मोठ्यानंच.